अनोळखी घरातलं कुत्रं-मांजर सांभाळताना: ठाणे-नवी मुंबईतल्या पेट सिटरसाठी सविस्तर मार्गदर्शन

मे महिन्याची सुट्टी, गणपती आणि दिवाळी आली की घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंतच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विचारणा फिरू लागते: "आम्ही चार दिवस गावी जातोय, कुत्र्याला कोण सांभाळेल?" गावच्या घरी कुत्रं चालत नाही, गाडीत जागा नाही, बोर्डिंगमध्ये ठेवायचा जीव होत नाही. ही गरज भागवणारी बरीच मंडळी आता आपल्याकडे दिसतात. त्यात कॉलेजची मुलं आहेत, घरून काम करणाऱ्या ताई आहेत, निवृत्त काका आहेत. प्राण्यांची माया सगळ्यांकडे असते, पण नुसत्या मायेवर हे काम निभत नाही. घरमालक नसताना त्याच्या घरात तुम्ही एकट्याने शिरता, आणि आत तुम्हाला न ओळखणारा, घाबरलेला, दात-नखं असलेला जीव असतो. मी हे काम ठाण्यात करते आणि माझं ठाम मत आहे की यातल्या बहुतेक अपघातांचं मूळ किल्ली हातात येण्याआधीच पडलेलं असतं. जे विचारायला हवं होतं, ते कुणी विचारलेलं नसतं. म्हणून या लेखाचा मोठा भाग किल्ली घेण्याआधी काय करायचं यावरच आहे.

पहिली पायरी: फोनवरच गाळणी लावा

पहिल्या फोनला लगेच "हो, जमेल" म्हणू नका. माणसाचं पूर्ण नाव, सोसायटी, तुमचा नंबर कुणाकडून मिळाला आणि प्राण्याचे नेहमीचे डॉक्टर कोण, एवढं आधी विचारा. ज्याच्या घरी खरोखर कुत्रं आहे तो डॉक्टरांचं नाव अडखळत सांगत नाही.

पैशांच्या फसवणुकीचा एक ठरलेला साचा आहे. समोरचा स्वतःला लष्करातला किंवा निमलष्करी दलातला सांगतो, बदली झाली म्हणतो, प्राणी न दाखवताच "पूर्ण अॅडव्हान्स पाठवतो" म्हणतो आणि एक क्यूआर कोड पाठवून स्कॅन करायला लावतो. यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथे जितका उशीर होतो तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता घटते.

मग प्राण्याविषयी. "चावतो का?" या प्रश्नाला उपयोग नाही, कारण उत्तर ठरलेलं आहे: "नाही हो, काहीच करत नाही." त्याऐवजी प्रसंग विचारा. जेवत असताना कुणी जवळ गेलं तर काय करतो? दारावरची बेल वाजली तर? बाहेरून आल्यावर पंजे पुसू देतो का? सोफ्यावरून खाली उतर म्हटलं तर गुरगुरतो का? कचरा न्यायला येणाऱ्या दादांवर भुंकतो का? अशा प्रश्नांना लोक मोकळेपणाने उत्तरं देतात, आणि तुम्हाला हवी ती माहिती त्यातच असते.

दुसरी पायरी: ओळखभेट, आणि तीही मालक घरी असताना

भेटीशिवाय काम घ्यायचं नाही, मग समोरचा उद्याच निघणार असला तरी. भेट दिवसा ठेवा, पहिल्या वेळी कुणाला तरी सोबत न्या, आणि घरच्यांना पत्ता व लाइव्ह लोकेशन पाठवा. मुलींनी एक प्रश्न न संकोचता विचारायचा: "तुम्ही गेल्यावर घरात आणखी कोण असेल?" भाडेकरू, भाऊ, रंगकाम करणारे कामगार, कुणीही असेल तर ते आधी कळायला हवं. घरात कॅमेरे असतील तर कुठे आहेत, हेही विचारा. दिवाणखान्यात कॅमेरा असायला हरकत नाही. रात्री मुक्कामाचं काम असेल तर झोपायच्या खोलीत तो नको, हे स्पष्ट सांगा.

कुत्र्याशी पहिली भेट शक्यतो घराबाहेर, इमारतीखाली करा. स्वतःच्या दारात तो जागेची राखण करत असतो, खाली जरा मोकळा असतो. समोरून वाकून डोक्यावर हात ठेवू नका. किंचित तिरपे उभे राहा, नजर रोखू नका, त्याला वास घेऊ द्या. मग सगळे मिळून घरात जा. या वेळात त्याचं अंग वाचायचं असतं. डोळ्यांचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसणं, सारखी जीभ ओठांवरून फिरवणं, झोप नसताना जांभया देणं, कान मागे चिकटणं आणि शेपटी हलत असली तरी अंग ताठ असणं, या सगळ्याचा अर्थ एकच की त्याला हे नको आहे. हालता-हालता एकदम थिजून जाणं ही शेवटची सूचना असते. गुरगुरण्यावर रागावू नका. तो तुम्हाला आधी सांगतो आहे, हे चांगलंच आहे. रागावून त्याचं सांगणं बंद केलंत तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल.

मालकाला सांगून पट्टा तुमच्या हातात घ्या आणि एक फेरी मारा. किती ओढतो, लिफ्टमध्ये कसा चढतो, सायकलीमागे धावतो का, हे दहा मिनिटांत कळतं. चाळीस किलोचा लॅब्रॅडॉर तुम्हाला फरपटत नेत असेल तर पावसाळ्यात ओल्या फरशीवर काय होईल, याचा विचार तिथेच करा आणि नाही म्हणा.

मांजर असेल तर तिला शोधायला जाऊ नका, गप्प बसा. ती येवो न येवो, तिच्या लपायच्या जागा मालकाकडून पाहून घ्या. आणि खिडक्या पाहा. आपल्याकडच्या उंच टॉवरांत मांजर खिडकीतून पडणं ही खरी भीती आहे. ग्रिलच्या गजांतून मांजर सहज निघतं, म्हणून जाळी लागते. बाल्कनीला, बाथरूमच्या काचपट्ट्यांच्या खिडकीला आणि स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टच्या भोकाला जाळी नसेल, तर ती लावेपर्यंत त्या खोल्या बंद ठेवायच्या हे ठरवून घ्या.

काही कामं पैशांकडे न बघता सोडायची असतात. रेबीजची लस वेळेवर झालेली नाही असं कुत्रं-मांजर घेऊ नका. लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू, तुम्ही दिवसात अनेक घरं करत असाल तर, घेऊ नका. पार्व्होचा (पिल्लांना उलट्या-जुलाब होऊन जीव घेणाऱ्या आजाराचा) विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो आणि तुमच्या चपलांवरून या घरातून त्या घरात जातो. माजावर आलेली कुत्री घरी आणून दुसऱ्या नरासोबत ठेवू नका. आणि पिंजऱ्यातला आपला हिरवा पोपट किंवा स्टार कासव सांभाळायला सांगितलं तर नम्रपणे नकार द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हे दोन्ही संरक्षित आहेत, ते घरात पाळणं हाच गुन्हा आहे. "आमच्याकडे दहा वर्षांपासून आहे" याने त्यात फरक पडत नाही.

तिसरी पायरी: सगळं कागदावर

ओळखीतलं काम असलं की लिहून घ्यायला संकोच वाटतो. पण वाद ओळखीतच जास्त कडवट होतात. वकिली भाषा नको, दोन पानांची साधी मराठी पुरे. त्याचा फोटो दोघांच्या व्हॉट्सअॅपवर राहू द्या आणि मालकाने खाली "मान्य" असं उत्तर द्यावं.

त्यात सगळ्यात महत्त्वाचा भाग उपचारांच्या परवानगीचा. मालक विमानात असताना किंवा कोकणात रेंज नसताना प्राणी आजारी पडला तर कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, ते नसतील तर दुसरे कोण, न विचारता किती रुपयांपर्यंत खर्च करायचा, त्यापुढे निर्णय कुणाचा, आणि भूल द्यावी लागली तर संमती कोण देणार, हे आकड्यांसकट लिहा. ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणारा आणि निर्णय घेऊ शकणारा एक माणूस त्यात हवाच. बेंगळुरूतली बहीण रात्री एक वाजता उपयोगी पडत नाही. जवळच्या दवाखान्यात आधीच फोन करून विचारा की रात्री डॉक्टर स्वतः असतात की फक्त मदतनीस. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय सगळ्यांना ठाऊक आहे, पण घोडबंदरहून किंवा नेरूळहून तिथे पोचायला ट्रॅफिकमध्ये तासाच्या वर लागू शकतो. तेवढा वेळ हातात नसतो अशी दुखणी असतात.

बाकी गोष्टी थोडक्यात: खाणं मापाने किती, औषधं कोणती आणि कधी, किल्ल्या किती दिल्या, मालकाचं परतणं लांबलं तर वाढीव दिवसाचे पैसे आणि तुमची पुढची कामं यांचं काय, काम रद्द झालं तर अॅडव्हान्सचं काय. कुत्र्याचा महापालिकेचा परवाना आणि लसीकरणाचं पुस्तक यांचे फोटो घेऊन ठेवा.

कायद्याची एक बाजू प्रत्येक सिटरने समजून घ्यावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शब्द "ताब्यातला" असा आहे. पट्टा तुमच्या हातात असताना "कुत्रं माझं नाही" हे उत्तर पुरणार नाही.

चौथी पायरी: स्वतःच्या शरीराची तयारी

हे काम नियमित करणार असाल तर रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेवा. शून्याव्या (म्हणजे पहिल्या डोसच्या), सातव्या आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी अशी ती घेतात. त्याचा मोठा फायदा म्हणजे पुढे चावा झालाच तर साधारणपणे दोनच डोस लागतात आणि जखमेत टोचायचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शनही चालू ठेवा. पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र काढून ठेवलंत तर नव्या घरी ते न मागता दाखवा. आपण त्यांना इतके प्रश्न विचारतो, तर त्यांनाही आपल्याविषयी खात्री मिळायला हवी.

पाचवी पायरी: गेट, लिफ्ट आणि रस्ता

तुमचं नाव, फोटो आणि कामाचे दिवस मालकाने स्वतः सोसायटीच्या अॅपवर किंवा ऑफिसात द्यायला हवेत. वॉचमन काकांशी पहिल्याच दिवशी ओळख करून घ्या. कुत्रा सुटला तर गेट बंद करणारे तेच असतात. काही ठिकाणी "कुत्र्याला पॅसेंजर लिफ्ट नाही" असं ऐकायला मिळेल. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटी प्राणी पाळण्यावर बंदी घालू शकत नाही आणि लिफ्टही नाकारू शकत नाही. तरीही तिथे तुम्ही वाद घालू नका. मालकाला कळवा, तो रहिवासी आहे, बोलणं त्याचं काम. तुमच्या हातात त्या क्षणी एक कुत्रं आहे आणि आरडाओरड्याने तेच बिथरतं.

लिफ्टवर मी जरा जास्त लिहिते, कारण तीस-तीस मजल्यांच्या इमारतींत सगळ्यात धोक्याची जागा तीच आहे. लांब सुटणारा, आपोआप गुंडाळणारा पट्टा लिफ्टजवळ वापरायचाच नाही. कुत्रा आत, माणूस बाहेर आणि मध्ये दार बंद, यात गळफास बसून कुत्रे दगावतात. पट्टा आखूड धरा, दोघांनी एकदम आत जायचं, कुत्र्याला कोपऱ्यात घेऊन तुम्ही त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभं राहायचं. मजला आला की आधी तुम्ही बाहेर बघा. लहान मूल, आजी-आजोबा किंवा दुसरं कुत्रं उभं असेल तर "तुम्ही जा, मी पुढच्या लिफ्टने येते" म्हणा. घाबरणाऱ्या माणसाला "काही करत नाही" असं सांगू नका. भीती त्यांची आहे, तुम्ही अंतर द्या.

घराचं दार उघडण्याआधी पट्टा लागलेला हवा, आणि परत आल्यावर दार लागल्यावरच निघायला हवा. नव्या कुत्र्याला छातीचा हार्नेस आणि गळ्याचा पट्टा दोन्ही लावा, दोन्हींना दोर जोडा. सोसायटीची बाग कितीही बंदिस्त असो, दुसऱ्याचं कुत्रं मोकळं सोडायचं नाही. मालक सोडत असेल, तो त्याचा निर्णय.

रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात. त्यांना खायला घालणाऱ्या ताई-दादांना विचारलंत तर कुठल्या कोपऱ्यावर कोण असतं ते नेमकं सांगतात. येऊरच्या पायथ्याच्या वस्त्यांत अंधार पडल्यावर जंगलाच्या बाजूला कुत्रं नेऊ नका. तिथे बिबट्यांचा वावर आहे आणि कुत्रं हे त्यांचं नेहमीचं भक्ष्य. उन्हाळ्यात फेरी सकाळी लवकर आणि सूर्य मावळल्यावर. डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहा, चटका बसला तर पंज्यांनाही बसणार. पग, शित्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना आणि हस्कीला उकाडा लवकर बाधतो. पावसाळ्यात साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, पायाला जखम असेल तर तुम्हीही त्यात उतरू नका. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टो कुत्र्याला आणि माणसाला दोघांनाही होतो. फेरीनंतर कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड तपासायची सवय ठेवा. शी उचलायची पिशवी खिशात नसेल तर बाहेर पडूच नका.

सहावी पायरी: घराच्या आत

पहिल्या दिवशी आत शिरल्यावर सगळ्या खोल्यांचा एक व्हिडिओ काढून मालकाला पाठवा: काय तुटलेलं होतं, काय नव्हतं, ते तिथेच नोंदलं जातं. बाहेरच्या चपला दाराबाहेर. तुमचा मित्र, मैत्रीण, भाऊ कुणीही त्या घरात येणार नाही, अगदी पाच मिनिटांसाठीही. किल्लीवर फ्लॅट नंबर लिहू नका. आणि प्राण्याचा गोड फोटो काढून "पुढचे दहा दिवस मी याच्यासोबत" असं इन्स्टाग्रामवर टाकू नका. घर रिकामं असल्याची ती जाहीर सूचना होते.

रोज एक वही ठेवा: किती खाल्लं, पाणी किती प्यायलं, शी-शू कधी आणि कशी, औषध किती वाजता. सकाळ-संध्याकाळ मालकाला फोटोसोबत दोन ओळी. मांजरांच्या बाबतीत ही वही जीव वाचवते. मांजराने पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर थांबून बघायचं नसतं, उपाशी मांजराच्या यकृतावर लवकर परिणाम होतो. बोका रेतीच्या पेटीत जाऊन पुन्हा पुन्हा बसतोय, कळा देतोय आणि लघवी होत नाही, हे दिसलं तर ती बद्धकोष्ठता समजू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो. त्याच तासाला डॉक्टर गाठा.

खाण्यात मालकाने दिलेल्या यादीबाहेरचं काही नाही. आपल्या स्वयंपाकातला कांदा-लसूण घातलेला रस्सा, नैवेद्याच्या शिऱ्यातले बेदाणे, दिवाळीचं चॉकलेट, झायलिटॉल असलेलं शुगरफ्री च्युइंगम, कोंबडीची शिजलेली हाडं, यातलं काहीही नको. स्वतःच्या पर्समधली गोळी तर कधीच नाही. मांजराला पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही जीवघेणी ठरते. कुत्र्याचं गोचिडांचं परमेथ्रिनवालं औषध मांजराला लावू नका. आणि घरात लिलीची फुलं असतील तर मांजर येणार नाही अशा जागी नाही, थेट घराबाहेर काढा.

दिवाळीत काम घेतलं असेल तर फेरी फटाके सुरू होण्याआधी उरका, खिडक्या लावा, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा, लपायला एक कोपरा द्या. गळ्यातल्या बिल्ल्यावर तुमचाही नंबर त्या दिवसांपुरता जोडा.

सातवी पायरी: काही बिघडलंच तर

पोट फुगलंय, ओकारी काढतोय पण काही पडत नाही, हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर, फीट पाच मिनिटांपेक्षा लांबली किंवा पुन्हा आली, श्वास लागलाय, उंदराचं औषध पोटात गेल्याची शंका आहे: यातलं काहीही दिसलं तर आधी निघा, फोन रिक्षात बसून करा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. उष्माघात वाटला तर साध्या पाण्याने अंग भिजवा, पंखा लावा आणि लगेच न्या.

तुम्हाला चावा किंवा नख लागलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जा. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं महापालिका रुग्णालय अशा ठिकाणी जाता येतं. कुत्र्याला लस दिली आहे म्हणून तुम्हाला नको, हा निर्णय डॉक्टरांचा, मालकाचा नव्हे. चाव्यानंतर प्राण्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं, ते मालकाला लेखी कळवा.

प्राणी सुटला तर पहिला फोन मालकाला. "सापडेल, मग सांगू" असं करू नका, कारण त्याच्या हाकेला तो येईल, तुमच्या नाही. गेटवर कळवा, सीसीटीव्ही बघायला लावा. मांजर बहुतेक वेळा लांब जात नाही: जिना, डक्ट, पार्किंगमधल्या गाड्यांखाली, आणि मग रात्री सामसूम झाल्यावर टॉर्च घेऊन पुन्हा तीच जागा. धोका तुम्हाला स्वतःला असेल, घरात कुणी अचानक शिरलं किंवा मालकाचं वागणं खटकलं, तर बाहेर पडा आणि ११२ लावा. कुत्र्याला खोलीत बंद करून जाता आलं तर उत्तम, नाही तर आधी तुम्ही.

शेवटची पायरी: किल्ली परत

किल्ली शेजाऱ्यांकडे किंवा वॉचमनकडे ठेवून निघू नका, मालकाच्या हातात द्या आणि "किल्ली मिळाली" असा मेसेज घ्या. डिजिटल कुलूप असेल तर त्याला तुमच्यासमोर कोड बदलायला सांगा. वही त्याला वाचून दाखवा. काही खटकलेलं असेल, मागचा पाय किंचित ओढतोय, मानेजवळ गाठ लागतेय, पाणी नेहमीपेक्षा जास्त पितोय, तर ते गोड शब्दांत दडवू नका. घरच्यांना रोज पाहून जे दिसत नाही ते नव्या नजरेला दिसतं. उरलेली औषधं मोजून द्या, डॉक्टरांची बिलं मूळ प्रत द्या, बाकीचा हिशोब तिथेच मिटवा. घरी आलात की चपला आणि कपडे आधी धुवायला टाका, पुढच्या घराची बेल त्यानंतर.